क्वालिसचा क्लच: वरचा-खालचा दोन्ही सिलेंडर नवे, लिटरभर ऑइल गेलं, तरी पेडल पोकळच

मानेवाडा_क्वालिस

नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहून राहिलो आहे. अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवट येईल, म्हणून सगळंच सांगतो.

गाडी क्वालिस, २००३ची, एमएच ३१ पासिंग. बाबांनी घेतलेली. दोनदा री-पासिंग झालं. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आता मीच चालवतो आणि जमेल तेवढं काम घरीच करतो.

मागच्या सोमवारी सकाळी अंगणातून काढताना रिव्हर्स पडेना. जोर लावला तर खर्रर्र. इंजिन बंद असलं की पाचही गिअर लोण्यासारखे पडत होते, चालू केलं की पहिला आणि रिव्हर्स नाही म्हणजे नाही. बॉनेट उघडून पाहिलं तर क्लचच्या बाटलीत ऑइल तळाला गेलेलं. खाली शिरलो. गिअरबॉक्सच्या बाजूला खालचा सिलेंडर असतो, ऑइलच्या दाबानं क्लचचा फोर्क (आतला दांडा) ढकलणारा. त्याचं रबरी बूट ओलं. बोटानं मागे सरकवलं तर आतून काळंशार पाणी मनगटावर आलं.

घाट रोडवर गेलो. दुकानदार म्हणाला, खालचा नवा टाकला की पेडलला जोडलेला जुना वरचाही फार दिवस टिकत नाही, जोडी घ्या. पटलं. वरचा, खालचा, मधला रबरी होज आणि तांब्याचे वॉशर असं सगळं घेतलं. गाडी समोरून जॅकवर उचलून स्टँड लावले आणि एका दुपारी सगळं बसवलं.

मग ऑइलच्या लाइनमधली एअर, म्हणजे हवा, काढायला बसलो. पेडलवर माझी लेक, नववीत आहे. मी खाली. "दाब" म्हटलं की दाबायचं, "धर" म्हटलं की तसंच धरायचं, मी निप्पल (खालच्या सिलेंडरवरचा हवा काढायचा स्क्रू) पाव आटा उघडायचो, ऑइल नळीत यायचं, निप्पल बंद, आणि मगच "सोड". पोरीनं एकदाही चूक केली नाही. पहिल्या दहा-बारा दाबांत बुडबुडे आले, मग बंद झाले. मी थांबलो नाही. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या संपवल्या, डॉट ३ ब्रेक ऑइलच्या. शेवटचं अर्धं लिटर तर काचेसारखं स्वच्छ निघालं, एकही बुडबुडा नाही.

आणि पेडल अजून पोकळ. पहिला दाब अर्ध्यापर्यंत नुसता हवेत जातो. चार वेळा पटापट दाबलं की घट्ट होतं, गिअरही पडतो. पाच-सात मिनिटांनी पुन्हा तसंच. स्टीलची पट्टी लावून फोर्कची हालचाल मोजली. पहिल्या दाबाला ६ मिमी, चार दाबांनंतर १३ मिमी. रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं, थेंब नाही.

इथल्या एका गॅरेजवाल्याचं म्हणणं की वरचा सिलेंडर डुप्लिकेट निघाला, बदला. दुसऱ्याचं म्हणणं, प्रेशर प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवू. पोळ्याला आईला घेऊन काटोलला मामाकडे जायचं आहे, दहा दिवस हातात आहेत. गिअरबॉक्स उतरवायचा खर्च झेपणार नाही असं नाही, पण दुखणं तिथे नसेल तर काऊन उतरवायचा? बाहेर येत नाही तर ही हवा लपली कुठे, तेवढं कोणी सांगा.

वाडी_ट्रान्सपोर्ट

भाऊ, आमच्याकडे टेम्पोला असं झालं की रात्री पेडल पूर्ण दाबायचं, सीट आणि पेडलच्या मधात लाकूड अडकवून द्यायचं आणि झोपायचं. सकाळी लाकूड काढलं की पेडल घट्ट. तीन-चार गाड्यांना केलं आहे, दोनदा गुण आला. खर्च काहीच नाही, करून पाहा.

हिंगणा_निवृत्त

बेटा, तू पट्टी लावून मोजलंस हे फार चांगलं केलंस. मी एस.टी.च्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होतो, आता घरी आहे. वर्कशॉपमध्ये नवीन पोरांना मी पहिले हेच सांगायचो, की पाना मागाहून उचला, अगोदर मोजा. तुझ्या त्या दोन आकड्यांतच बरंच काही आहे.

पहिले गिअरबॉक्स उतरवायचं डोक्यातून काढ. प्रेशर प्लेट किंवा फोर्क गेला असता तर पेडल चारदा दाबून काही फरक पडला नसता. इथे चार दाबांत फोर्क १३ मिमी जातो आणि गिअर पडतो. म्हणजे लोखंडाचं काम ठीक आहे, दुखणं ऑइलच्या रस्त्यात आहे.

वरचा सिलेंडर डुप्लिकेट आहे का, तेही घरीच कळतं. चारदा दाबून पेडल घट्ट झालं की पाय तसाच ठेव, मिनिटभर. पाय हळूहळू खाली बसत गेला तर आतला रबर दाब धरत नाही, सिलेंडर परत कर. जिथल्या तिथे राहिला तर सिलेंडर चांगला आहे, त्याला बदनाम करू नको.

आता हवेचं. मला दोन शंका आहेत.

एक, तू गाडी समोरून उचललीस. खालचा सिलेंडर आडवा असतो आणि गाडी सपाट उभी असताना त्याचं निप्पल सगळ्यात वरती यावं अशी त्याची मांडणी असते. गाडीचं नाक उचललं की सिलेंडर तिरका होतो आणि वरचा कोपरा दुसराच होतो. हवा नेहमी वरचा कोपरा धरते. तू दाबलेलं ऑइल होजमधून आलं आणि त्या हवेच्या खालून सरळ निप्पलमधून निघून गेलं. म्हणून तुझं शेवटचं अर्धं लिटर काचेसारखं आलं. ते खोटं नव्हतं, ऑइल खरंच स्वच्छ होतं, पण हवा बाजूला बसून होती. नुसत्या पाइपात हवा असती तर एवढ्या ऑइलबरोबर वाहून गेली असती, पाइप बारीक असतो. सिलेंडरचं पोट रुंद, तिथे ऑइल सावकाश सरकतं आणि बुडबुडा हलत नाही.

दुसरी शंका मला जास्त वाटते. तू लिहिलंस की घट्ट झालेलं पेडल पाच-सात मिनिटांनी पोकळ होतं. एवढा वेळ लागायला नको. वरच्या सिलेंडरच्या आत बाटलीकडे उघडणारं एक बारीक भोक असतं, सुईच्या टोकाएवढं. पेडल पूर्ण सुटलं की पिस्टन मागे टेकतो आणि ते भोक मोकळं होतं. लाइनमधलं जास्तीचं ऑइल तिथूनच बाटलीत परततं आणि बुडबुडेही तिथूनच वर येतात. पेडलला जोडलेला पुश रॉड जरासा जरी लांब राहिला तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि रबराची कड त्या भोकावर अर्धी बसून राहते. मग ऑइल परत जातं, पण मुंगीच्या पावलानं. नवा सिलेंडर बसवताना रॉडची लांबी जुन्यावरून मोजून लावलीस का? बहुतेक जण लावत नाहीत. दुकानातून जसा आला तसा बसवतात.

तपासायची रीत लिहितो. गाडी सपाट जमिनीवर घे. ड्रायव्हरच्या पायाशी झोपून पेडल बोटानं, फक्त बोटानं, हलव. रॉड पिस्टनला टेकण्याआधी पेडलच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळी हालचाल लागलीच पाहिजे. नसेल तर चेक नट (रॉड जागेवर पक्का धरणारा नट) सैल करून रॉड आत घे. पण हे करायच्या आधी एक गोष्ट कर, म्हणजे तुझी तुलाच खात्री पटेल. खालच्या सिलेंडरचे दोन बोल्ट काढ, होज काढू नको, आणि सिलेंडर हातात घेऊन त्याचा रॉड अंगठ्यानं आत दाब. भोक मोकळं असेल तर रॉड सरळ आत जाईल आणि बाटलीतलं ऑइल वर चढेल. झाकलेलं असेल तर भिंतीला टेकल्यासारखं वाटेल. तसं वाटलं तर निप्पल जरा उघडून परत दाब. तेव्हा सहज गेला तर मी म्हणतो तेच आहे.

रॉड नीट लावला की त्याच पद्धतीनं हवा काढ. सिलेंडर असा धर की होजचं तोंड वर आणि रॉड खाली. रॉड सावकाश पूर्ण आत दाब, मग सावकाश येऊ दे. आत स्प्रिंग आहे, ती ढकलते, हात एकदम सोडू नको, पिस्टन बाहेर निघेल. दहा-पंधरा वेळा. हवेला वर जायची ओढ असते, तिला आपण खालून काढायला बघतो आणि मग दिवसभर भांडत बसतो. या रीतीनं ती आपल्या वाटेनं बाटलीत येते.

तीन गोष्टी जपायच्या. सिलेंडर मोकळा हातात असताना कोणीही पेडलला पाय लावायचा नाही, पोरीला आधीच सांगून ठेव. बाटली पाऊण भरलेलीच ठेव, नाहीतर रॉड दाबल्यावर ऑइल उतू जाईल. आणि रंगावर थेंब पडला तर पुसत बसू नको, लगेच पाणी ओत, ब्रेक ऑइल रंग उचलतं.

वाडीच्या भाऊंनी लाकडाचं सांगितलं. ते अगदीच चूक नाही. दाबाखाली बुडबुडे बारीक होतात, जागचे सुटतात आणि सकाळी पेडल सोडलं की काही वर येतात. पण पेडल दाबलेलं असेपर्यंत ते भोक बंदच असतं, आणि इथे तर सोडल्यावरही अर्धं बंद आहे असा माझा संशय आहे. रात्रभर ठेवूनही हवा जाईल कुठे?

खामला_संध्याकाळ

काकांनी सांगितलं तेच आधी करा. माझा अनुभव वेगळ्या गाडीचा आहे, तरी कामाला येईल म्हणून लिहिते.

माझ्या गाडीत खालचा सिलेंडर बाहेर नाहीच, गिअरबॉक्सच्या पोटात, शाफ्टभोवती बसवलेला आहे. काढून हातात धरायची सोयच नाही. तिथे मी खालून ऑइल भरते. मेडिकलमधून ६० मिलीची सिरिंज आणि माशांच्या टाकीसाठी मिळते ती पारदर्शक नळी आणली. बाटलीतलं ऑइल आधी अर्ध्याहून कमी करायचं. सिरिंज आणि नळी दोन्हींत ऑइल भरून, सगळी हवा टिचकी मारून काढून, नळी निप्पलवर बसवायची, निप्पल उघडायचं आणि अगदी सावकाश ढकलायचं. वर बाटलीपाशी दुसऱ्या माणसानं बघत राहायचं. माझ्याकडे ४० मिलीपर्यंत काहीच झालं नाही, मग अचानक बाटलीत फेस आला. सिरिंज एका कामापुरतीच वापरा, ब्रेक ऑइलनं तिचं रबर फुगतं आणि अडकायला लागतं.

पंपानं खेचून एअर काढायचा प्रयत्नही केला होता. नळीत बुडबुडे थांबेचनात. दोन तास गेल्यावर लक्षात आलं की निप्पलच्या आट्यांमधून बाहेरचीच हवा आत ओढली जात होती. त्या बुडबुड्यांवर विश्वास ठेवू नका.

ज्यांच्या गाडीत सिलेंडर असा आत आहे त्यांना एक सांगणं: क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरलाच तर हा सिलेंडर तेव्हाच बदलून घ्या, चांगला दिसत असला तरी. मी नाही बदलला. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा उतरवावा लागला.

मानेवाडा_क्वालिस

काकाजी, आज रविवार, सकाळी सातला गाडीखाली गेलो. जसं झालं तसं लिहितो.

पहिले पाय ठेवून मिनिटभर थांबलो. पेडल हललं नाही. वरचा सिलेंडर चांगला.

मग गाडी स्टँडवरून उतरवली. मानेवाड्यात आमच्या गल्लीत सपाट जागा म्हणजे समोरच्या घराचा सिमेंटचा उतारा संपतो तिथली, तिथे ढकलत नेली. सिलेंडरचे बोल्ट काढले, हातात घेतला आणि अंगठ्यानं रॉड दाबला.

भिंत.

दोन्ही अंगठे लावले, छाती टेकवली, तेव्हा कुठे सरकायला लागला, तोही इतका हळू की डोळ्याला दिसत नव्हता, बुटाची घडी बदलत होती त्यावरून कळत होतं. निप्पल अर्धा आटा उघडलं आणि परत दाबला तर एका दमात आत. काकाजी, तुम्ही लिहिलेलं शब्दाला शब्द तसंच. मी तिथेच गाडीखाली पडल्या पडल्या लेकीला हाक मारून सांगितलं की दुखणं सापडलं.

मग डोकं पेडलपाशी आणि पाय दाराबाहेर असा झोपलो. पेडल बोटानं हलवून पाहिलं. मोकळी हालचाल शून्य, रॉड पिस्टनला चिकटूनच बसलेला. जुना वरचा सिलेंडर मी फेकला नव्हता, तो आणून शेजारी धरला. जुन्याच्या रॉडवर चेक नटच्या पुढे जेवढे आटे दिसत होते त्याच्यापेक्षा नव्याचे दोन जास्त होते. मी तो डब्यातून काढला तसाच बसवला होता. १२चा पाना लावला, चेक नट सोडवला, रॉड दीड आटा आत घेतला. आता पेडलच्या टोकाशी पट्टी लावून मोकळी हालचाल ३ मिमी.

परत खाली. सिलेंडरचं होजकडचं तोंड वर, रॉड खाली. अंगठ्यानं दाबला आणि तो गेला, सरळ गेला, तेलात बोट घातल्यासारखा. वर लेक मोबाइलचा टॉर्च बाटलीत धरून उभी होती. पहिल्या दोन दाबांना म्हणाली, नुसतं ऑइल वर-खाली होऊन राहिलं. तिसऱ्याला ओरडली, "बाबा, आला!" हरभऱ्याएवढा एक, म्हणाली. मग आणखी दोन तसेच. मग मोहरीसारखे बारीक, एकामागून एक, आणि ती मोजायला लागली. तेवीसपर्यंत मोजले, मग मोजणं सुटलं. अठराव्या-एकोणिसाव्या दाबानंतर काही येईना. तरी पाच दाब जास्तीचे दिले.

सिलेंडर बसवला, गाडी सपाटच होती, तशीच निप्पलवरून चार वेळा नेहमीची एअर काढली. एक बारीक बुडबुडा आला, तेवढाच. पट्टी लावली. पहिल्या दाबाला १३ मिमी. दहा मिनिटं चहा पिऊन आलो, परत पहिला दाब, १३. इंजिन सुरू करून रिव्हर्स टाकला, आवाज नाही. आई दारात उभी होती. तिला यातलं काही कळत नाही, पण गिअरचा आवाज तिच्या ओळखीचा आहे. "आता बरोबर वाजली," म्हणाली.

खामल्याच्या ताई, सिरिंजही आणून ठेवली होती, लागली नाही. वाडीच्या भाऊंचेही आभार, पहिलं उत्तर तुमचं होतं.

हिंगणा_निवृत्त

छान. जुना भाग काम संपेपर्यंत फेकला नाहीस हे लाखाचं काम केलंस, सगळ्यांनी तसंच करावं. चेक नट परत घट्ट आवळलास ना? लिहायचं राहिलं असेल तर ठीक, पण आवळायचा राहिला असेल तर रॉड फिरत फिरत लांब होईल आणि मग क्लच पूर्ण धरणारच नाही, प्लेट घसरून जळेल. आता उठून बघून ये.

मानेवाडा_क्वालिस

बघून आलो. आवळलेला आहे. तरी पाव आटा अजून बसला, बरं झालं विचारलंत.

प्रतापनगर_१४

मधात एक विचारतो. बाटलीतलं ऑइल किती दिवसांनी बदलायचं? आणि डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं का? माझ्या गाडीत एका गॅरेजनं क्लचच्या बाटलीत भलतंच ऑइल टाकलं होतं, लालसर होतं, स्टिअरिंगचं असावं. आठवड्याभरात सगळे रबर फुगून पेडल वर येणंच बंद झालं. वरचा, खालचा, होज सगळं नव्यानं टाकावं लागलं. तेव्हापासून धास्ती बसली आहे.

हिंगणा_निवृत्त

धास्ती योग्यच आहे. या सिलेंडरचे रबर ब्रेक ऑइलसाठीच बनवलेले असतात. इंजिनचं किंवा स्टिअरिंगचं खनिज तेल लागलं की ते फुगतात, मग धुऊन उपयोग नाही, बदलावेच लागतात. तुम्ही केलं ते बरोबर केलं, फक्त पाइपही स्पिरिटनं धुवून घेतला असेल अशी आशा करतो.

डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं, दोन्ही एकाच जातीचे आहेत. नवीन डॉट ३ निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ निदान २३० पर्यंत. ओल शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. नाव जवळचं आहे म्हणून दुकानात घोटाळा होतो, डबा वाचून घ्या.

हे ऑइल हवेतली ओल ओढतं. आपल्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, पण जूनच्या मध्यापासून चार महिने काय हाल असतात ते तुम्ही जाणता. फोडलेली बाटली माळ्यावर ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही. नळीतून निघालेलं ऑइल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत टाकायचं नाही. दोन वर्षांनी बदला, ब्रेकचं बदलाल तेव्हाच क्लचचंही. बहुतेक जण ब्रेकचं बदलतात आणि क्लचला विसरतात. मानेवाड्याच्या बेट्याच्या मनगटावर जे काळं पाणी आलं ते झिजलेलं रबर आणि ओल होती, वर्षानुवर्षांची.

मानेवाडा_क्वालिस

पोळ्याला काटोलला जाऊन आलो. जाताना काटोल नाक्यावर बैलजोड्या आणि गर्दीत पाऊण तास पहिल्या-दुसऱ्यातच अडकलो. पाय दुखला, पण पेडल पहिल्या दाबासारखंच राहिलं. येताना मामांनी संत्र्याच्या झाडाची दोन कलमं दिली, मागे ठेवून आणली.

आज सकाळी परत पट्टी लावली, १३ मिमी. निघायच्या आधी बाटलीवर स्केचपेननं रेघ मारली होती. ऑइल त्या रेघेवरच आहे.